सिटिंग काँग्रेसमनला पक्षातूनच आव्हान आलंय? मग प्रायमरीची तयारी अशी करा

भारतात असताना निवडणुका जवळ आल्या की आपण बातम्या बघायचो, अमक्याचं तिकीट कापलं, तमक्याची वर्णी लागली, आणि हे सगळं ठरवणारे कुठेतरी बंद दाराआड बसलेले असायचे, आपल्या हातात काय तर शेवटी समोर येईल त्या यादीतून एक बटण दाबायचं. अमेरिकेत सिटिझन झालात की एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, इथे तिकीट मतदार देतो. सिटिंग काँग्रेसमन, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातला, हाऊसमधला, सध्याचा खासदार, वीस वर्षं जुना असला, पक्षाचा मोठा नेता असला, तरी त्याला दर दोन वर्षांनी स्वतःच्याच पक्षाच्या मतदारांसमोर उभं राहावं लागतं आणि पक्षातलाच कोणीही उठून त्याच्यासमोर उभा राहू शकतो. हे मतदान म्हणजे प्रायमरी. आणि ते नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीच्या कितीतरी आधी, मार्च ते सप्टेंबरच्या मध्ये कधीतरी, आपण मुलांच्या परीक्षा नाहीतर सुट्टीच्या तयारीत असताना होऊन जातं.

मला हे कळायला दोन निवडणुका गेल्या. सिटिझनशिपची ओथ घेतली त्याच दिवशी मतदार नोंदणीचा फॉर्म भरला, त्यात पक्षाचा रकाना होता, तो मी मुद्दाम कोरा ठेवला, म्हटलं कशाला कुठल्या पक्षाचा शिक्का लावून घ्यायचा. पुढच्या वर्षी आमच्या भागात जुन्या प्रतिनिधीविरुद्ध एक तरुण बाई उभी होती, मी तिचं सगळं वाचलं, दोघांची तुलना केली, ऑफिसमधून लवकर निघून केंद्रावर गेले आणि तिथल्या बाईंनी यादी बघून अगदी नम्रपणे सांगितलं की तुम्ही कुठल्याच पक्षात नोंदलेल्या नाही, त्यामुळे आज तुम्हाला या जागेसाठी मत देता येणार नाही. आम्ही तेव्हा पेनसिल्व्हेनियात होतो, तिथे प्रायमरी बंद असते. ते दुःख मला अजून आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी राज्याचा नियम बघा, उमेदवार नंतर

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे आणि दुसऱ्या राज्यातल्या मित्राने सांगितलेलं आपल्याकडे लागू होईलच असं नाही. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, मेरीलँड इथे बंद प्रायमरी, म्हणजे त्या पक्षात नाव असेल तरच त्या पक्षाच्या उमेदवाराला मत. पक्ष बदलायची मुदतही प्रत्येकाची वेगळी. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत चालतं, फ्लोरिडात २९ दिवस, आणि न्यूयॉर्कमध्ये जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते, म्हणजे आव्हान देणाऱ्याचं नाव तुमच्या कानावर यायच्या आधीच. न्यू जर्सीत जरा सोपं आहे, कुठल्याच पक्षात नसाल तर केंद्रावर गेल्यावरही पक्ष सांगता येतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. टेक्सास, जॉर्जिया, व्हर्जिनिया, मिशिगन, इलिनॉय इथे पक्षाची नोंदणी हा प्रकारच नाही, त्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची प्रायमरी निवडायची.

पक्षात नाव नोंदवलं म्हणजे तुम्ही कार्यकर्ते झालात असं काही नसतं हो. वर्गणी नाही, सभेला जायची सक्ती नाही, नोव्हेंबरमध्ये मत कुणालाही देता येतं. बंद प्रायमरीच्या राज्यात राहत असाल तर माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या भागात जो पक्ष हमखास जिंकतो त्या पक्षात नाव नोंदवा, कारण खरा निकाल तिथे लागतो.

कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनचं गणित अजून वेगळं. तिथे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, सगळे मतदार मत देतात आणि पहिले दोन नोव्हेंबरला जातात, मग ते दोघं एकाच पक्षाचे का असेनात. सिलिकॉन व्हॅलीतल्या आपल्या लोकांनी हे जवळून बघितलंय. माइक होंडा तिथले जुने डेमोक्रॅट काँग्रेसमन, त्यांच्याविरुद्ध त्यांच्याच पक्षाचे रो खन्ना २०१४ ला उभे राहिले, जूनमध्ये दोघं पुढे गेले आणि नोव्हेंबरला होंडा थोडक्यात वाचले, मग २०१६ ला पुन्हा तीच जोडी, आणि त्या वेळी खन्नांनी जागा घेतली. म्हणजे कॅलिफोर्नियात राहत असाल तर आव्हान देणाऱ्याला दोनदा तपासायची संधी मिळते, बाकी बहुतेक ठिकाणी एकदाच.

तारीख, नोंदणीची मुदत आणि स्वतःचं नाव यादीत आहे का हे राज्याच्या निवडणूक खात्याच्या साइटवर बघा, व्होट डॉट गव्ह वर गेलात की तिथून तुमच्या राज्याच्या पानावर जाता येतं. आणि आपला मतदारसंघ कुठला हे दरवेळी नव्याने तपासा, सवयीवर जाऊ नका. २०२५ मध्ये टेक्सास, कॅलिफोर्निया, मिसुरी, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांनी मधेच नकाशे बदललेत, घर तेच असलं तरी प्रतिनिधी बदललेला असू शकतो.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. ग्रीन कार्डवर किंवा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मत द्यायचं नाही आणि नोंदणीही करायची नाही, लायसन्स काढताना फॉर्मवर मतदार नोंदणीचा चौकोन असतो त्यावर चुकूनसुद्धा टिक करू नका, त्याने पुढे सिटिझनशिप अडकते, देशाबाहेर जायची वेळसुद्धा येऊ शकते. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, एच-वनवाल्यांना तीही नाही. एच-वनवर असताना पैसे न घेता स्वयंसेवक म्हणून फोन लावता येतात, पत्रकं वाटता येतात, फक्त प्रचाराच्या निर्णयांत भाग घ्यायचा नाही. आणि एच-वनवरच्या भावाने पैसे दिले ते मी माझ्या नावाने भरले, असं तर अजिबात करायचं नाही, तो सरळ गुन्हा आहे.

आपल्या मताचं वजन किती ते समजून घ्या

एका काँग्रेस मतदारसंघात साधारण साडेसात लाख लोक असतात. आता २०१८ चं न्यूयॉर्क बघा. जो क्रॉली, १९९९ पासून काँग्रेसमध्ये, हाऊसमधले डेमोक्रॅट्सचे चौथ्या नंबरचे नेते, पुढचे स्पीकर म्हणून नाव घेतलं जात होतं, आणि २००४ नंतर त्यांना प्रायमरीत कोणी आव्हानच दिलं नव्हतं. २६ जूनला २८ वर्षांच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझनी त्यांना हरवलं, साधारण ५७ टक्के विरुद्ध ४३. एकूण मतं पडली ३० हजारांच्या आत. म्हणजे दोघांत फरक पडला तो चार हजारांच्या आसपास मतांचा, आणि त्यावर एवढा मोठा नेता घरी गेला. नोव्हेंबरला तिथे चुरस उरलीच नव्हती.

त्याहून कमी हवंय? टेक्सासमध्ये २०२२ ला हेन्री क्वेयार या सिटिंग डेमोक्रॅटविरुद्ध जेसिका सिस्नेरोस उभ्या होत्या, मार्चमध्ये कोणालाच ५० टक्के मिळाले नाहीत, मे महिन्यात दोघांत पुन्हा मतदान झालं आणि फेरमोजणीनंतर क्वेयार २८९ मतांनी वाचले. २०२४ ला व्हर्जिनियात बॉब गुड हे रिपब्लिकन काँग्रेसमन चारशेपेक्षा कमी मतांनी पडले. एखाद्या मोठ्या सोसायटीत एवढे मतदार सहज असतात.

पण याचा अर्थ सिटिंग माणूस नेहमी धोक्यात असतो असा नाही, उलट बहुतेक जण आरामात निघतात. २०२४ मध्ये हाऊसच्या ४३५ जागांपैकी फक्त चार सिटिंग सदस्य प्रायमरीत पडले, त्यातला एक तर नकाशा बदलल्यामुळे दुसऱ्या सिटिंग सदस्यासमोरच आला होता. नाव लोकांच्या ओळखीचं असतं, हाताशी स्टाफ असतो, देणगीदारांची यादी तयार असते, पक्षाची यंत्रणा मागे असते. २०१९ मध्ये डेमोक्रॅट्सच्या हाऊस प्रचार समितीने तर जाहीर केलं होतं की सिटिंग सदस्याविरुद्धच्या उमेदवाराचं काम घेणाऱ्या कंपन्यांना आम्ही काम देणार नाही, तो नियम २०२१ मध्ये मागे घेतला. न्यू जर्सीत बऱ्याच काउंट्यांत पक्षाच्या पसंतीचे सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत यायचे आणि आव्हान देणारा कुठेतरी कडेला पडायचा, २०२४ मध्ये तिथले काँग्रेसमन अँडी किम कोर्टात गेले तेव्हा डेमोक्रॅट्सच्या मतपत्रिकेवरची ती पद्धत थांबली आणि आता नावं पदानुसार छापतात. म्हणून आव्हान देणारा मागे दिसतोय म्हणजे त्याच्यात दम नाही असं लगेच ठरवू नका, त्याला सुरुवातच मागून करावी लागते.

तुमच्या भागात प्रायमरी निर्णायक आहे की नाही हे बघायला मागच्या दोन नोव्हेंबरचे आकडे काढा. एकाच पक्षाला ६५-७० टक्के मिळत असतील तर प्रायमरी हीच निवडणूक समजा. अटीतटीचा मतदारसंघ असेल तर अजून एक प्रश्न विचारावा लागतो, हा नवा उमेदवार नोव्हेंबरला टिकेल का. इंडियानात २०१२ ला रिचर्ड लूगर, ३६ वर्षांचे सिनेटर, प्रायमरीत रिचर्ड मरडॉककडून पडले आणि मग मरडॉक नोव्हेंबरला डेमोक्रॅट उमेदवाराकडून पडले, पक्षाने जुना माणूसही घालवला आणि जागाही.

सिटिंग माणसाचा हिशोब कसा मांडायचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, दोन तास तरी. मी एक साधी वही घेते, एका पानावर सिटिंग सदस्य, समोरच्या पानावर आव्हान देणारे, आणि घरी आलेला सॅम्पल बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा नमुना, मधे ठेवते, तो काउंटीच्या साइटवरूनही मिळतो.

पहिलं, मतं. काँग्रेस डॉट गव्ह वर सदस्याचं नाव टाकलं की त्याने मांडलेली बिलं दिसतात आणि हाऊस क्लार्कच्या साइटवर प्रत्येक रोल कॉलवर, म्हणजे नावानिशी नोंदवलेल्या मतदानात, त्याने काय मत दिलं ते दिसतं. सगळी मतं वाचायला जाऊ नका, वेड लागेल. तुम्हाला खरंच ज्यांचा फरक पडतो असे चार-पाच विषय ठरवा, इमिग्रेशन असेल, आरोग्य विमा असेल, टॅक्स असेल, आणि तेवढीच मतं शोधून वहीत तारखेसकट लिहा. गैरहजेरीही बघा. मांडलेल्या बिलांच्या आकड्याने मात्र भुलू नका, पत्रकावर पन्नास बिलं मांडली असं छापलेलं असतं, पण बहुतेक बिलं समितीतच पडून राहतात, त्यापेक्षा कुठल्या समितीवर आहे आणि तिथे काय घडवलं हे विचारा. जुन्या सदस्याचं खरं मोल बरेचदा तिथेच असतं. न्यूयॉर्कचे एलियट एंगल २०२० मध्ये प्रायमरीत पडले तेव्हा ते परराष्ट्र समितीचे अध्यक्ष होते, ती खुर्ची नव्या माणसाला वारशात मिळत नाही, त्याला रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं. हे नुकसान तुम्हाला चालणार आहे का हे आधी ठरवा.

दुसरं, माणूस मतदारसंघात दिसतो का. जिंकणाऱ्या-हरणाऱ्या सिटिंग लोकांच्या गोष्टी वाचल्या तर हा धागा पुन्हापुन्हा दिसतो. लूगरनी इंडियानातलं घर १९७७ मध्येच विकलं होतं आणि मतदार नोंदणी मात्र त्याच जुन्या पत्त्यावर, २०१२ मध्ये तो मुद्दा त्यांना फार महाग पडला. क्रॉली एका वादसभेला स्वतः गेलेच नाहीत, दुसऱ्यांना पाठवलं. एंगल जून २०२० मध्ये एका कार्यक्रमात बोलायची संधी मागत होते आणि माइक चालू असताना म्हणाले की प्रायमरी नसती तर मला त्याची पर्वा नसती, ती क्लिप सगळीकडे फिरली. एरिक कँटर, व्हर्जिनियाचे, हाऊसचे मेजॉरिटी लीडर, म्हणजे बहुमतातल्या पक्षाचे तिथले नेते, २०१४ मध्ये डेव्ह ब्रॅट नावाच्या कॉलेजच्या प्राध्यापकाने त्यांना ५५-४४ ने हरवलं, आणि नंतर हिशोब निघाला तेव्हा दिसलं की कँटरच्या प्रचाराने नुसत्या स्टेकहाऊसवर जेवढा खर्च केला, साधारण एक लाख ६८ हजार डॉलर, जवळपास तेवढ्यात ब्रॅटची अख्खी मोहीम झाली होती. मेजॉरिटी लीडर प्रायमरीत पडायची ती पहिलीच वेळ.

तर तुमच्या सदस्याने गेल्या वर्षभरात किती टाउन हॉल, म्हणजे मतदारांशी खुल्या सभा, घेतले, समोरासमोर घेतले की फक्त फोनवर, प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून मागितले की माइक लोकांकडे दिला, हे बघा. शक्य असेल तर एकाला जाच. मी गेले होते त्या टाउन हॉलमध्ये एका आजोबांनी औषधांच्या किमतीबद्दल विचारलं, प्रतिनिधीने उत्तर दिलं ते पाठ केलेलं होतं, पण मग आजोबांनी खिशातून पावती काढून दाखवली आणि त्याने ती हातात घेऊन नीट वाचली, स्टाफच्या मुलीला बोलावून आजोबांचा नंबर लिहून घ्यायला लावला. माझ्या वहीत त्याच्या पानावर ते मी चांगल्या बाजूला लिहिलं.

त्यावरून केसवर्क. पासपोर्ट, इमिग्रेशनची अडकलेली केस, सोशल सिक्युरिटी, यासाठी काँग्रेसमनचं ऑफिस मदत करतं, तुम्ही प्रायव्हसी रिलीज फॉर्म, म्हणजे तुमची माहिती मागवायची परवानगी, सही करून दिला की ते त्या खात्याला विचारणा करतात. माझ्या एका मैत्रिणीचे कागद वर्षभर अडकले होते, ऑफिसने पत्र लिहिल्यावर हालचाल झाली, आणि तिने तेवढ्यावर जन्मभर त्यालाच मत द्यायचं ठरवलं. मला तिची भावना समजते. तरी माझं म्हणणं असं की केसवर्क हे हिशोबातलं एक कलम आहे, अख्खा हिशोब नाही, आणि स्वतःच्या एका केसवरून न ठरवता आजूबाजूच्या चार लोकांना विचारा की फोन उचलतात का, उत्तर येतं का.

आव्हान देणाऱ्याला काय विचारायचं

मतपत्रिकेवर नाव खरंच आहे का, हे पहिलं. श्री ठाणेदार आपल्याला माहीतच आहेत, बेळगावात वाढलेले, मिशिगनच्या १३व्या मतदारसंघाचे डेमोक्रॅट काँग्रेसमन, डेट्रॉइटचा बराच भाग त्यात येतो. २०२४ च्या प्रायमरीत त्यांच्यासमोर अॅडम हॉलियर हे तगडे उमेदवार समजले जात होते, पण तिथे अर्जासोबत किमान एक हजार वैध सह्या लागतात, तेवढ्या वैध निघाल्या नाहीत आणि मे महिन्यातच त्यांचं नाव कटलं. ज्यांनी त्यांच्यासाठी दारोदार फिरून वेळ दिला त्यांचं काय झालं असेल बघा. म्हणून तुमच्या दारात कोणी सह्यांचा कागद घेऊन आलं तर नोंदणीत आहे तोच पत्ता आणि तसंच नाव लिहा, नोंदणी नसेल तर सही करू नका, आणि काही राज्यांत एका पदासाठी एकाच उमेदवाराला सही देता येते तेही विचारून घ्या.

मग प्रश्न. सिटिंग सदस्य वाईट आहे हे सांगणं सोपं असतं, त्यापुढे जायला लावा. तुम्ही नेमकं कुठलं मत वेगळं दिलं असतं? कुठल्या समितीवर जायचंय आणि का? याआधी स्कूल बोर्ड, सिटी कौन्सिल, युनियन, संस्था, कुठे काय चालवून दाखवलंय? या तीन प्रश्नांवर जो अडखळतो त्याच्याबद्दल मी सावध होते, भाषण कितीही छान असलं तरी. आणि सिटिंग सदस्याला हरवायला नवा चेहरा हवाच या उत्साहात वाहून जाऊ नका, आयाना प्रेसलींनी २०१८ मध्ये बॉस्टनला माइक कॅपुआनोंना हरवलं तेव्हा त्यांच्यामागे सिटी कौन्सिलची अनेक वर्षं होती.

मतविभागणी, हे आपल्या लोकांना लगेच कळतं

सिटिंग सदस्यावर नाराज लोक साठ टक्के असले तरी समोर तीन जण उभे राहिले की ती मतं फुटतात आणि तो चाळीसवर निघून जातो. बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, पन्नास टक्क्यांची अट नाही. ठाणेदार पहिल्यांदा निवडून आले तेव्हा २०२२ मध्ये जागा मोकळी होती, प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि साधारण २८ टक्क्यांवर ते जिंकले. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलायना अशा राज्यांत मात्र ५० टक्क्यांच्या वर लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान, नॉर्थ कॅरोलायनात ३० टक्के पुरतात. मेन राज्यात उमेदवारांना पसंतीक्रम लावता येतो.

म्हणून पुन्हा मतदानाची सोय असलेल्या राज्यात पहिल्या फेरीला मनापासून आवडलेल्याला मत द्या, ती सोय नसेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत कोण खरंच शर्यतीत आहे हे बघून द्या. प्रचाराच्या लोकांनी दाखवलेल्या अंतर्गत पोलवर विसंबू नका, कँटरच्या पोलमध्ये ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. आपल्याकडे तिकीट कापलं की बंडखोरी करून अपक्ष उभं राहतात, तसं इथे करता येईल असं धरून चालू नका, बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला नोव्हेंबरला अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षाच्या नावाने उभं राहता येत नाही. कनेटिकटमध्ये जो लीबरमन २००६ ला प्रायमरी हरूनही वेगळ्या पक्षाच्या नावाखाली लढले आणि जिंकले, अलास्कात लिसा मर्कोवस्कींचं नाव २०१० मध्ये लोकांनी हाताने लिहून त्यांना निवडून दिलं, पण अशी उदाहरणं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी.

पत्रकांचा ढीग आणि पैशाचा माग

शेवटच्या तीन आठवड्यांत मेलबॉक्स भरून जातो. प्रत्येक पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात पैसे कुणी दिले ते लिहिलेलं असतं, फोटो बघायच्या आधी ती ओळ वाचायची सवय लावा. कुठल्याच उमेदवाराने मान्यता दिलेली नाही असं लिहिलं असेल तर तो बाहेरचा गट आहे, सुपर पॅक, म्हणजे उमेदवारापासून वेगळा राहून खर्च करणारा गट, असेल तर त्याला पैशाची मर्यादा नाही. एखाद्या व्यक्तीला मात्र २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलरच देता येतात, प्रायमरी आणि नोव्हेंबर वेगळे मोजतात. हे सगळं एफईसी डॉट गव्ह या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या साइटवर उमेदवाराचं नाव टाकून बघता येतं, तुम्ही २०० डॉलरच्या वर दिलेत तर तुमचं नाव, नोकरी, कंपनीसुद्धा तिथे दिसणार हे लक्षात ठेवा.

मी त्या पानावर तीन गोष्टी बघते, पैसा मतदारसंघातून आलाय की बाहेरून, छोट्या देणग्या किती, आणि बाहेरचे गट कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या विरोधात खर्च करतायत. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या जमाल बोमननी, ज्यांनी २०२० ला एंगलना हरवलं होतं, स्वतः प्रायमरी हरली, जॉर्ज लॅटिमर जिंकले, आणि त्यात एआयपॅकशी जोडलेल्या सुपर पॅकने एक कोटी ४० लाख डॉलरच्या वर खर्च केला. तो गट इस्रायलच्या प्रश्नासाठी उभा असलेला, पण त्याच्या जाहिरातींमध्ये बोमननी रस्ते-पुलांच्या बिलाविरुद्ध मत दिलं असले विषय होते. ते मत त्यांनी खरंच दिलं होतं, म्हणजे जाहिरातीतली माहिती खोटी नव्हती, पण पैसे देणाऱ्याचा विषय आणि जाहिरातीचा विषय वेगळा असू शकतो, आणि दोन्ही माहीत असले की आपण शांतपणे ठरवू शकतो. प्रायमरीच्या अगदी तोंडावर जन्मलेला, नाव कधी न ऐकलेला गट दिसला तर जास्त सावध राहा, काहींचे देणगीदार मतदान झाल्यावरच जाहीर होतात.

मतपत्रिका भरताना

सिटिंग सदस्याच्या नावापुढे काही राज्यांत तसं लिहिलेलं असतं, काहींत नसतं, म्हणून नावं आधीच वहीतून लिहून न्या, अनेक राज्यांत कागद न्यायला परवानगी असते. मिशिगनमध्ये दोन्ही पक्ष एकाच कागदावर वेगळ्या रकान्यांत असतात, एका रकान्यात सुरुवात केली की त्यातच राहायचं, दोन्हीकडे खुणा केल्या तर पक्षाच्या भागातली सगळी मतं बाद होतात, आमच्या ओळखीत एकाचं असंच झालं, त्याला वाटलं आवडेल त्याला कुठेही देता येतं. टेक्सासमध्ये मार्चला एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलंत तर मे महिन्याच्या फेरीत दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही.

टपालाने मत देत असाल तर पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीसारखी करा. आपल्यातले बरेच जण मराठीत एक सही आणि इंग्रजीत एक सही करतात, कधी लग्नाआधीचं आडनाव, कधी नंतरचं, आणि तिथेच पाकीट अडकतं. बहुतेक राज्यांत पाकीट कुठवर पोचलं ते ऑनलाइन बघता येतं, आणि सही जुळली नाही तर अनेक राज्यांत ती दुरुस्त करायला काही दिवस देतात, त्यासाठी ईमेल किंवा पत्र येतं ते जाहिरात समजून फेकू नका. निकालही त्याच रात्री लागेल असं नाही, २०२० मध्ये बोमन-एंगलची मोजणी टपाली मतांमुळे कितीतरी दिवस चालली होती. तोवर रोज एकदा राज्याच्या साइटवर जाऊन आपलं पाकीट स्वीकारलं गेलं का तेवढं बघत राहा, आणि तुमच्या राज्यात दुसरी फेरी असते का बघून ती तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका.